डावी बाजू आठ इंच

शुद्धलेखनाच्या चुका आणि हे किरटं अक्षर, दोन्हींची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातलं अर्धं वर्ष धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दाराशी उभं राहण्यात गेलं. नंतर पस्तीस वर्षं जे काही लिहिलं ते आकड्यांत. छाती छत्तीस, कंबर तीस, बाही साडेनऊ. पाव, अर्धा, पाऊण यांत माझी चूक कुणी काढून दाखवावी. अक्षरं मात्र हाताला परकी झाली. ही माझी मापाचीच वही आहे. मागची पानं कोरी होती, म्हणून त्यांवर लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही. कुणाच्या हाती लागलीच तर पुढची पानं उघडू नयेत. तिथं शहागंजातल्या निम्म्या बायकांच्या छात्या आहेत.

शहागंजच्या एका बोळात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक कापायचं टेबल आणि माप घ्यायला पडद्याआड दोन फूट जागा. लाजऱ्या बाईनं हा धंदा करू नये, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण दुसरं काही येत नव्हतं. अजूनही टेप गुंडाळताना मी समोरच्या बाईकडं बघत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघते. त्यामुळं झालंय असं की लग्नाकार्यात एखादी बाई हसून बोलायला आली की मला तिचा चेहरा आठवत नाही. ती वळली की आठवतं. अडतीस, मागचा गळा खोल, हूक पुढून.

ज्यांना या कामातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगते. शिलाईच्या आत थोडं कापड जास्तीचं सोडतात, पुढं उसवून ब्लाउज सैल करता यावा म्हणून. त्याला आम्ही माया म्हणतो. आणि बाही जिथं धडाला जोडते, काखेखालून जी गोलाई येते, तो मुंढा. मुंढा बसला की ब्लाउज बसला. बाकी सगळं पदराखाली जातं.

आणि धंद्याचा एक नियम आहे, जो कुठं लिहिलेला नाही. आमच्याकडं बाई कधी जाड होत नाही, ब्लाउज आटतो. एक बाई दर दिवाळीला मापासाठी तिच्या लग्नातला ब्लाउज आणून टेबलावर ठेवते. मध्ये दोन बाळंतपणं झाली, मुलगा नोकरीला लागला. "अगदी अस्साच शिव," म्हणते. मी व्हय म्हणते, नजरेनं अंदाज घेते आणि चार इंच वाढवून शिवते. ती घालून बघते आणि म्हणते, "बघ, तेच माप!" दोघीही खूश. तोंड बंद ठेवायचं आणि माया सोडायची, यावर माझं दुकान चाललं.

याच नियमानं एकदा मी चुकले. एक शाळेतल्या बाई होत्या. दर दोन-तीन महिन्यांनी ब्लाउज घेऊन यायच्या, "सैल झालाय, जरा आत घे." मी आत घ्यायची. अर्धा इंच, मग पाऊण, मग दोन्ही बाजूंनी एक. एकदाही विचारलं नाही की बाई, तुम्ही एवढ्या का उतरताय? पुढं त्या यायच्या बंद झाल्या. त्यांचा शेवटचा ब्लाउज न्यायला त्यांची बहीण आली, तेव्हा त्यांचं तेरावंही होऊन गेलं होतं. ते पान वहीत आहे. आकडे नुसते उतरत गेलेत.

कौसल्याबाईचं पान मात्र उलटं आहे.

कौसल्याबाई वेरूळची. देवळाच्या रस्त्यावर तिचं बेलफुलांचं आणि नारळांचं दुकान आहे. त्या देवळात पुरुषांना गाभाऱ्यात जाताना अंगातला शर्ट-बनियन काढावा लागतो. ते शर्ट कौसल्याबाई दुकानात खिळ्यांना टांगून सांभाळते, बदल्यात माणसानं नारळ तिच्याकडूनच घ्यायचा. वीस वर्षं ती माझ्याकडं शिवते. आवाज असा की ती बोळाच्या तोंडाशी बोलली तरी मी इकडं टेप शोधायला लागते.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ती आली. दुकानात तीन गिऱ्हाइकं बसलेली.

"सुमन, नवं माप घे. जुनं खोडून टाक. डाव्या बाजूचा निकाल लागला."

मी मशीन थांबवलं. बाकीच्या बायका पिशव्यांत काहीतरी शोधायला लागल्या.

"कॅन्सर व्हता. एक काढून टाकलं. महिना झाला. बारा दिवस काखेतून नळी आन् नळीला डबी लोंबत व्हती, त्यात पाणी जमायचं. ती बी काढली. आता दुकानावर बसायचं तर ब्लाउज नको?" मग माझ्याकडं वाकून म्हणाली, म्हणजे तिच्या मते हळू, "एकाच बाजूचं काम हाय. शिलाई अर्धी लाव."

पडद्याआड तिनं पदर बाजूला केला. पहिल्यांदाच मी कॅलेंडरकडं बघायचं विसरले. छातीच्या मध्यापासून काखेपर्यंत तिरकी शिलाई. खरं सांगते, मी धंद्याच्याच नजरेनं बघितलं. टीप एका रेषेत होती, कुठं चुणी नव्हती, ओढ नव्हती.

"चांगलं शिवलंय," मी म्हणाले.

कौसल्याबाई एवढी हसली की तिला उजव्या हातानं डावी बाजू धरावी लागली. "घरी समदे रडून ऱ्हायले, आन् ही म्हनते चांगलं शिवलंय!" मग म्हणाली, "गडी उघड्या छातीनं म्हादेवापुढं जातो, त्याला कोन काय म्हनत नाय. मव्हं एक गेलं तर मी का डोक्यावरून पदर घेऊन बसू?"

एरवी छातीचं माप गोल घेतात. तिचं मी दोन भागांत घेतलं. छातीच्या मध्यापासून काखेखालच्या शिलाईपर्यंत, उजवी बाजू साडेनऊ, डावी आठ. डाव्या बाजूला आतून कापडाचा खिसा शिवला आणि त्यात कापसाची हलकी गादी ठेवली. अर्धी शिलाई लावण्याऐवजी खरं तर जास्त लावायला हवी होती, पण मी नेहमीचीच लावली. दोन ब्लाउजचे सहाशे रुपये तिनं कुरकुरत दिले.

आठ दिवसांनी ती परत आली. "मुंढ्यात काचतंय."

मी व्हय म्हणाले आणि डावीकडून अर्धा इंच सोडला. नवीन माप वहीत लिहिलं, कारण हात आपोआप लिहितो.

आणखी आठ दिवसांनी परत. "आगं, काखेत रुततंय. कसं शिवलंस?" मी होती नव्हती तेवढी माया सोडली. आकडा लिहिला. डोकं मात्र नियमावर गहाण. बाई जाड होत नाही, ब्लाउज आटतो.

तिसऱ्यांदा आली ती भर गर्दीत. दोन्ही ब्लाउज टेबलावर आपटले.

"वीस वर्षं तुह्याकडं शिवते. आता हात थरथराया लागला व्हय तुहा? का म्हातारीला कायबी खपतंय म्हनून? ह्यो मुंढा हाय का फास? पैसे परत दे मव्हे."

सात-आठ बायका बघत होत्या. माझी चूक नाही हे आत कुठंतरी ठाऊक होतं, पण ते बाहेर काढायला जे लागतं ते माझ्याकडं नाही. मी गल्ला उघडला आणि सहाशे रुपये तिच्या हातावर ठेवले. तिनं ते घेतले, ब्लाउजही घेतले आणि ती गेली. मला ते तेव्हाच विचित्र वाटलं. वाईट शिवलेला ब्लाउज कुणी बरोबर नेतं का?

शेजारी पिको-फॉलचं दुकान आहे रुख्सानाआपाचं. तिनं सगळं ऐकलं होतं. गिऱ्हाइकं गेल्यावर ती मशीन सोडून आली.

"अगे सुमन, तू गूंगी है क्या? पैसे कायकू दिए? तेरी सिलाई में खोट है क्या?"

"नाय आपा."

"फिर बोलती कायकू नै?"

तिला दाखवावं म्हणून मी वही उघडली. आणि आकडे एकाखाली एक वाचले. उजवी साडेनऊ, साडेनऊ, साडेनऊ. डावी आठ, साडेआठ, सव्वानऊ. जी बाजू डॉक्टरांनी काढून टाकली होती, ती परत येत होती.

आपानं आकड्यांवर बोट फिरवलं. ती पण शिलाईचीच बाई. "या अल्ला," एवढंच म्हणाली. मग, "उसकू मालूम है क्या?"

शाळेतल्या बाईंचं पान त्याच वहीत होतं. मला ते उघडावं लागलं नाही.

तिचा फोन नंबर माझ्याकडं होता, पण फोनवर मला दोन शब्द धड बोलता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि वही घेऊन काळीपिवळीत बसले. जीपमध्ये चौदा माणसं आणि एक बोकड. दौलताबादचा घाट चढेपर्यंत मी वाक्य पाठ करत होते. बाई, ब्लाउज तोच आहे, तुम्ही वाढलाय. बाई, डाव्या बाजूला काहीतरी झालंय. एकही वाक्य बरं वाटेना. तिचा आजार उलटला असेल तर तो सांगणारी मी कोण, चौथी नापास? म्हणजे पास झाले होते, पण त्या वेळी नापासच वाटत होतं.

कौसल्याबाईनं मला लांबूनच बघितलं. "पैसे मिळाले ना तुला... न्हाई, मलाच मिळाले. मग आता काय?" समोर दोन पुरुष शर्ट काढत उभे होते. मी वही उघडून तिच्यापुढं नारळांवर ठेवली आणि आकड्यांवर बोट ठेवलं.

तिनं बघितलं. तिला वाचता येत नाही, पण बेल मोजून विकणाऱ्या बाईला आकडे येतात. ती एकदम उठली, नवऱ्याला गल्ल्यावर बसवलं आणि मला दुकानाच्या मागं घेऊन गेली. डोक्यावर परक्या माणसांचे शर्ट लोंबत होते.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती बोलू शकते हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. "चालताना डुचमळतं. घागरीत पानी हलावं तसं. आधी लिंबाएवढं व्हतं, आता हे बघ. उगवलं का काय परत, सुमन? म्या म्हनलं, ब्लाउजच तंग हाय. तुह्या शिलाईचा दोष निघाला तर बरं व्हईल. ब्लाउजचा दोष न्हाई निघाला तर मंग..."

मला माझ्या सहाशे रुपयांचा हिशोब तेव्हा लागला. माझी शिलाई वाईट ठरावी म्हणून ती बाई एवढ्या लांबून तीन-तीनदा शहागंजला आली होती.

"घरी सांगितलं का?"

"कुनाला सांगू? सासूला काख ठनकती म्हनलं तर ती ओव्याची पुरचुंडी करून रोज शेकती. चटकाबी लागत नाय, कातडं बधिर झालंय." मग तिनं माझा हात धरला. "तुह्याकडं सुई असती ना पिशवीत? टोच. पानी असंल तर निघंल. दवाखान्यात कामून जायचं? ते काय सांगत्याल ते ऐकायचं नाय मला."

सुई होती. पिशवीत नेहमीच असते.

"नाय," मी म्हणाले.

"टोच म्हनते ना."

"नाय टोचणार. आणि तुम्ही आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. ब्लाउजमध्ये काय खोट नाय. माझी शिलाई बरोबर हाय. वीस वर्षं बरोबर हाय!"

हे मी ओरडून बोलले. दुकानासमोरचा उघडा माणूस शर्ट न घेताच दोन पावलं मागं सरकला. कौसल्याबाई माझ्याकडं बघतच राहिली. "बया," ती म्हणाली, "तुला आवाज हाय!"

शहरात परत येईपर्यंत माझ्या मनगटावर तिची बोटं होती, ती सोडली नाहीत. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं काखेखाली दोन बोटांनी दाबलं, दुसऱ्या बाजूनं टिचकी मारली, जसं आपण कलिंगड बघतो तसं.

"मावशी, पाणी आहे हे. मांस काढल्यावर आत पोकळी राहते, कातडी लगेच चिकटत नाही. त्या जागेत अंगातलंच पाणी येऊन साचतं. नळी काढल्यावर बऱ्याच जणींना होतं. आजार परत आला असं नाही."

"नक्की?"

"काढून दाखवते."

तिनं जागा पुसून सुई लावली. कौसल्याबाईला सुई टोचलेली कळलीही नाही. ती माझ्याकडं बघत होती आणि मी, सवयीनं, भिंतीवर कॅलेंडर शोधत होते. मोठी पिचकारी पाच वेळा भरली. पिवळसर, स्वच्छ, करडईच्या तेलासारखं पाणी. ती एका भांड्यात ओतत गेली.

कौसल्याबाईनं भांड्यात डोकावून बघितलं. "एवढं? शहरात दहा दिवसांनी नळ येतो म्हनतात, आन् मव्ह्या काखंत रोजचं पानी! घ्या, भरून ठिवा बादल्या."

डॉक्टरीण हसू दाबत होती, नर्सला तेही जमलं नाही. डॉक्टरीणबाईंनी नंतर नीट समजावलं. पुन्हा साचेल, दोन-तीन वेळा काढावं लागेल, मग हळूहळू बंद होईल. जड उचलायचं नाही. जागा लाल झाली, गरम लागली, ताप आला तर त्याच दिवशी यायचं. शेक तर अजिबात नाही. बधिर कातडी भाजली तरी कळणार नाही. आणि घरी सुई लावायचा विचार कुणी केला असेल तर...

आम्ही दोघींनी एकदमच जमिनीकडं बघितलं.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. पाच मिनिटं. मग उठली आणि क्रांती चौकात रिक्षा थांबवून तिनं दोन मोठे ग्लास उसाचा रस मागवला. "पानी काढलं, आता रस भरू." एका दमात प्यायली आणि हिशोबाला लागली. रिक्षा, गोळ्या, पट्ट्या, रस. माझ्याकडून घेतलेले सहाशे त्यातच संपले होते.

"सहाशे रुपये देनं लागते मी तुहं," ती म्हणाली. "शिलाई बरोबर व्हती."

"राहू द्या बाई."

"कामून? फुकटात शिवून घ्यायला मी काय तुही सासू हाय? देईन. पर दुकान महिनाभर बंद व्हतं, शंभर-शंभर करून देईन."

तसंच झालं. दवाखान्याची फेरी झाली की, आणि पुढं नुसत्या मापासाठीही, ती माझ्याकडं यायची. मी तिचे ब्लाउज उसवून डाव्या बाजूला नवी पट्टी घातली आणि काखेखाली हुकांच्या तीन रांगा लावल्या, पाणी वाढलं तर एक रांग सोडायची, काढून आलं की घट्ट करायची. प्रत्येक वेळी माप घ्यायचे, आणि आता आकडा मोठ्यानं सांगायचे. "डावी पावणेनऊ." पुढच्या वेळी, "साडेआठ." गिऱ्हाइकं ऐकत बसलेली असायची. एकीनं विचारलं, "हे काय मोजता?" तर कौसल्याबाई म्हणाली, "धरणाची पातळी!" प्रत्येक वेळी ती डाव्या बाजूच्या खिशात हात घालून शंभराची नोट काढायची. मी गादीसाठी शिवलेला खिसा तिनं पाकीट करून टाकला होता. "चोर बी इथं हात घालायच्या आधी दोनदा इचार करंल."

तीनदा पाणी काढलं, चौथ्यांदा डॉक्टरीण म्हणाली, काढण्याएवढं नाही. नर्सनं माझ्या दुकानाचा पत्ता लिहून घेतला. तेव्हापासून अशा बायका माझ्याकडं येतात. कुणी हसतात, कुणी पडद्याआड रडतात. मी दोन्ही बाजू वेगळ्या मोजते आणि आकडा वाढला तर तोंड उघडते. तेवढा एक नियम मी मोडला. बाकीच्यांचे ब्लाउज अजूनही आटतातच.

शेवटच्या शंभरासाठी ती ऐन उन्हाळ्यात आली. बोळात शिरली तसा मला आवाज आला, चालण्याबरोबर काहीतरी हलत होतं. मी मशीनवरून उठलेच. परत पाणी!

"घाबरू नको," ती म्हणाली, "चिल्लर हाय." डॉक्टरांनी आता थोडं वजन चालेल म्हणून सांगितलं होतं, आणि नुसत्या कापसाची गादी वर सरकून गळ्यातून डोकवायची. म्हणून तिनं देवळाच्या दारातली सुटी नाणी पुरचुंडीत बांधून खिशात भरली होती. एका-दोघांशी बोलायला वळली तरी खुळखुळायचं.

मी तिच्यासाठी वेगळीच गादी करून ठेवली होती. तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतो ना, तशी. आत मोहरी, वर मऊ मलमल. जागेवर राहते, अंगाबरोबर हलते, उजव्या बाजूसारखी दिसते. तिनं ती हातात धरून वजन घेतलं.

मग म्हणाली, "उन्हात बसते मी. तडतडाया लागली म्हंजे?"

रुख्सानाआपा पलीकडून ओरडली, "फिर जीरा डाल, कढी बना!"

माप घेतलं. उजवी साडेनऊ. डावी आठ. पहिल्या दिवसाइतकी. मी आकडा सांगितला आणि तिनं सगळ्या गिऱ्हाइकांकडं वळून बघितलं, जणू परीक्षेचा निकाल लागलाय.

मग तिनं पुरचुंडी सोडून नाणी टेबलावर ओतली. ज्या टेबलावर ब्लाउज आपटले होते, तेच. दुकान तसंच भरलेलं. "समद्यांनी बघा," ती म्हणाली, "सुमनची शिलाई बरोबर व्हती. मीच खोटं बोलले व्हते." आणि मोजायला बसली. एकाचे ढीग, दोनाचे ढीग, पाचाचे. मी कॅलेंडरकडं बघत होते, पण कान नाण्यांवर होते. नव्व्याण्णव झाले आणि नाणी संपली.

"आसं कसं?" तिनं पुरचुंडी झटकली, टेबलाखाली बघितलं. मग दोन बोटं डाव्या खिशात घातली, कोपऱ्यात चाचपलं आणि घामानं चिकटलेला एक रुपया ओढून काढला. पदराला पुसून माझ्या तळहातावर ठेवला. तो अजून कोमट होता.

"हे घे. पुरे सहाशे."